टोपलीला पाजलेलं पाणी

३ ऑगस्ट, रविवार

आले बाई एकदाची! बसमधून उतरले तेव्हा ट्रंकेची कडी तुटलेली, डाव्या चपलेचा अंगठा निघालेला आणि पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नाही. पण आर्मूरच्या फाट्यावर ट्रॅक्टर घेऊन एक दांडगा माणूस माझी वाट पाहत उभा होता. त्याने ट्रंक एका हाताने उचलून ट्रॉलीत टाकली आणि विचारलं, हिच्यात कपडे आहेत की धरणाचे दगड. हा हामू, माझ्या घरमालकिणीचा थोरला मुलगा. पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं.

बियाणं कंपनीच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती. गोरमाटीच्या, म्हणजे बंजाऱ्याच्या, पोरीला गोरमाटीच्या घरी जागा मागायला लाज कसली, म्हणून मी रूप्ला तांड्यात निरोप पाठवला आणि केलीयाडीने, म्हणजे हामूच्या आईने, पडवीशेजारची खोली दिली. शेणाने सारवलेली जमीन, वर पत्रा, एक खिडकी. खिडकीतून तांड्याचा चौक आणि त्यातला कडुनिंब दिसतो. केलीयाडीने नवऱ्यामागे दोन मुलं वाढवली. बाई कमी बोलते. तिने मला बसवून ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरीच, आणि अंबाडीची भाजी वाढली आणि ताट पुसून होईपर्यंत समोरून हलली नाही.

धाकटी सोमली मात्र आईच्या वाटणीचंही बोलते. विशीतली आहे, हसली की बांगड्यांसकट हसते. तिने मला आल्या आल्या बाई म्हणायला सुरुवात केली (आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात) आणि काम काय करणार ते विचारलं. मी म्हटलं, बी पेरायचं आणि किती उगवलं ते मोजायचं. "अगं बाई, आणि याचा पगार देतात?" म्हणून ती जी सुटली ती तांडाभर सांगून आली की आमच्याकडे गवत मोजणारी बाई राहायला आली आहे. संध्याकाळी चार घरच्या बायका मला पाहायला आल्या. मी एकतीस वर्षांची, बिनलग्नाची, वर गवत मोजणारी. त्यांचा दिवस चांगला गेला.

खम्ममकडच्या आमच्या तांड्यातून निघताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कामाची घडी बसली. सत्तय्या सार म्हणजे आमचे प्रमुख: पोट पुढे, चष्मा कपाळावर आणि बियाण्याशी जावयासारखे अदबीने बोलणारे. त्यांनी मला खास एका प्रयोगासाठी घेतलं आहे. उगवण कक्षात ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत गहू, भात आणि मूग ठेवायचे. एका रांगेला साधं पाणी. दुसरीला जीए, म्हणजे द्राक्षवाले मणी लांबवायला मारतात तीच पांढरी पूड. तिसरीला गाजर गवताचा रस. इकडे त्या गवताला वय्यारी भामा म्हणतात, नखरेल बाई. ही नखरेल बाई जिथे उगवते तिथे शेजारणीला उगवू देत नाही, तिच्या रसानेच दुसऱ्याच्या बीचं तोंड बंद होतं. एक पदार्थ कारखान्यातला, एक रानातला. कोण काय करतं ते पाहायचं.

सारांनी मला सगळं पहिल्यापासून समजावलं. मला ते येत होतं, पण ऐकायला बरं वाटलं. प्रत्येक बी आपली शिदोरी बरोबर घेऊन येतं. पानं येऊन ऊन खायला लागेपर्यंत ती पुरवायची असते. म्हणून शहाणं बी घाई करत नाही. जीए काय करतं, तर शिदोरीची गाठ सोडतं आणि खा म्हणतं. ते बीला स्वतः काही देत नाही, बीचंच बीकडून खर्चवतं. सार म्हणाले, लोकांना वाटतं हे टॉनिक आहे. लग्नात उधळपट्टी करणाऱ्याला आपण श्रीमंत म्हणतो, तसं.

संध्याकाळी हे मी सोमलीला सांगितलं. तिने डोळे मोठे करून ऐकलं आणि विचारलं, मेलेलं बीसुद्धा उठवता का तुम्ही. मी म्हटलं मेलेलं नाही, पण मरायला टेकलेलं उठवतो कधीकधी. मला फार मोठं काही बोलल्यासारखं वाटलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

तीज, म्हणजे बिनलग्नाच्या मुलींनी टोपलीत गहू उगवायचे नऊ दिवस, परवावर आली. मुलींची गाणी आत्तापासून चालू आहेत. तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या म्हाताऱ्या आईने, धरमीदादीने, मलाही टोपली घे म्हणून सांगितलं. बिनलग्नाची आहेस, नियम तो नियम. सगळ्या खो खो हसल्या. मी म्हटलं दादी, माझ्या टोपलीत आता नवरा नाही, संधिवात उगवेल.

घरात मात्र तिजेचं नाव निघालं की केलीयाडी उठून आत जाते. का ते आज हामूच्या बायकोने सांगितलं. गेल्या वर्षी सगळ्या मुलींचे गहू हातभर हिरवे आले आणि सोमलीचे पिवळे, विरळ, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. शेवटच्या दिवशी पाहुणे बसले होते. गोविंद म्हणून मुलगा आहे, निर्मलकडचा, शाळेत मास्तर. त्याचे आईबाप टोपल्या बघायलाच आले होते. जिची टोपली पिवळी तिचं घर पिवळं, असं मानतात. ते जेवून गेले आणि पुन्हा काही बोलले नाहीत. वर्षभराने, गोविंदनेच हट्ट धरला म्हणून, ते परत येणार आहेत. यंदाही तसंच झालं तर हामू तिला आपल्या चुलतसासऱ्याला देणार. विधुर आहे, पन्नाशीचा, पहिली बायको कशाने गेली ते कुणी सांगत नाही.

सोमलीला मी विचारलं तर ती म्हणाली, बाई, गव्हाला काय कळतं. आणि मोठ्याने गाणं म्हणायला लागली.

९ ऑगस्ट, शनिवार

आज पेरणी. वारुळाची माती, शेळीच्या लेंड्या, वेताच्या टोपल्या. कडुनिंबाखाली माची बांधून त्यावर सगळ्या ओळीने ठेवल्या, वर घोंगडी. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना थेट ऊन दाखवायचं नाही, विणीतून झिरपेल तेवढाच उजेड. पोरी बोरीच्या काट्यांत भिजलेले हरभरे खोचत होत्या आणि पोरं फांदी हलवून त्यांना काटे टोचवत होती. सोमलीने एकाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची टोपी उडाली.

एक रीत मी आमच्याकडे पाहिली नव्हती. इथे मुली गहू आधी जिभेवर ठेवतात, आपल्या थुंकीने ओला करतात आणि मग मातीत टाकतात. धरमीदादी प्रत्येकीच्या कपाळाला माती लावून एकच वाक्य म्हणते: टोपलीला पाजशील ते तुझ्या अंगी लागेल, तू खाशील ते टोपलीला. म्हणून आजपासून मीठ नाही, मिरची नाही, मटण नाही. आणि एकीने दुसरीच्या टोपलीला पाणी घालायचं नाही. मला ही कल्पना फार गोड वाटली. सारांना सांगायला हवी.

सोमलीच्या मुठीतला गहू मी जवळून पाहिला आणि चरकले. मळकट, हलका. घरी येऊन केलीयाडीचा डबा उघडला. गेल्याच्या गेल्या वर्षीचा गहू, उन्हाळाभर पत्र्याखाली भाजलेला आणि वर किडीच्या गोळ्यांचा वास. घरची तीज घरच्याच गव्हाची, म्हणून बिचारी जपून ठेवते. जपून ठेवूनच मारते. पण जिभेवरून मातीत गेलेलं बी बदलता येत नाही, त्यामुळे मी बोलले नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सगळ्यांचे कोंब वर आले. सोमलीच्या टोपलीत माती.

घोंगडीखाली हात घालून मुली चाचपून पाहतात. सोमलीने चाचपलं, हात बाहेर काढला, घागऱ्याला पुसला आणि गाण्यात पुन्हा मिसळली. घरी आल्यावर मात्र ती चुलीपाशी पाठ करून बसली आणि तिच्या पाठीवरून मला सगळं कळलं. केलीयाडी बाटी थापता थापता थांबली होती.

दुपारी मी जीएची चिमूट आणली. थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवली आणि सोमलीच्या पितळी लोट्यात ओतली. टोपलीला पाणी घालणार तीच, तिच्याच हाताने. म्हणजे रीतही मोडली नाही. कंपनीची चिमूटभर पूड गेली, एवढंच. एका पोरीचं आयुष्य मार्गी लागत असेल तर सत्तय्या सारसुद्धा हो म्हणाले असते. त्यांना मी विचारलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आले! आले! पहाटे सोमली ओरडत खोलीत शिरली आणि मला अंथरुणातून ओढून काढलं. बोटभर, दाट, सरळ. केलीयाडी मला म्हणाली, बेटी, तुझा पाय लागला घराला. तिने बिनमिठाचा चुर्मा केला आणि पहिला घास मला भरवला. मला आजवर कुणी पहिला घास भरवलेला नाही.

आज लोट्यात पुन्हा टाकली. गरज नव्हती. कोंब छान चालले होते, मोजणारी मीच आहे, मला माहीत आहे. पण नाईकाच्या नातीची टोपली थोडी उंच दिसली. काल दया होती, आज हौस होती. जरा जास्तच पडली.

१३ ऑगस्ट, बुधवार

सोमलीची टोपली सगळ्यांच्या वर गेली. घोंगडी तिथे तंबूसारखी उचललेली दिसते. मुली तिला चिडवतात, की गोविंद मास्तर पट्टी घेऊन मोजायला येणार. सोमली हसते, पण आज आवाज कमी होता. तिने चुर्मा नको म्हटलं. पाणी मात्र पीत राहिली. दुपारी घंगाळात हात धुताना तिच्या बांगड्या कोपरापासून मनगटापर्यंत खळकन घसरल्या आणि पाण्यात पडल्या. त्या चढवताना साबण लागायचा असं केलीयाडी सांगते. उपासाने होतं म्हणाली.

होतंच उपासाने.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोमलीचा घागरा आखूड झाला आहे. घोटे दिसतात, घोट्यांच्या वर चार बोटं दिसतात. केलीयाडी म्हणते धुण्याने आटला. नवा घागरा आहे, अजून धुतलेला नाही.

प्रयोगशाळेत आज जीएची रांग उघडली. गव्हाची रोपं लांबच लांब, पांढरट, बारीक. गुंडाळी सोडताच सगळी आडवी झाली. सवयीने मी एक दाणा चिमटीत दाबला. आत काही नव्हतं. नुसतं साल, त्यात थोडं पाणी. सार मागून म्हणाले, बघ, सगळी शिदोरी उंचीत घातली. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

घरी आले तेव्हा सोमली दारात बसली होती, तोंड पश्चिमेला. सकाळी निघताना तिथेच बसली होती, तोंड पूर्वेला. मी हाक मारली. तिने मान वळवली आणि मग मान आपोआप, सावकाश, परत उन्हाकडे गेली. तिला कळलंही नाही. कानाच्या पाळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. मानेच्या शिरा हिरव्या आहेत. सगळ्यांच्याच असतात. एवढ्या नसतात.

मी तिचा दंड धरला. माझी बोटं एकमेकांना टेकली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. शाळेतून झेंड्याची गाणी ऐकू येतात, इकडून तिजेची.

आज सांगायचं ठरवलं होतं. केलीयाडीला आधी, मग धरमीदादीला. सकाळी चुलीपाशी जाऊन बसले. तेवढ्यात हामू निरोप घेऊन आला, की पाहुणे रविवारी नक्की येतात, टोपलीची कीर्ती निर्मलपर्यंत गेली. केलीयाडी रडली. मला धरून रडली. मग मी कशी सांगू? सांगितलं तर तीज बाटली म्हणतील, नाईक पंचायत बसवेल, सोयरीक तर गेलीच, आणि मला कंपनीतून हाकलतील. शेवटचं कारण मी मुद्दाम शेवटी लिहिलं आहे. मनात ते पहिलं आलं होतं.

मंगळवारनंतर लोट्यात काही टाकलेलं नाही. तरी टोपली वाढतेच आहे.

सोमली मला हळूच म्हणाली, बाई, मी आतून रिकामी होते आहे. दुखत नाही. नुसती उंच होते आहे. मग म्हणाली, कुणाला सांगू नकोस, लग्न मोडेल.

तिला ठाऊक नाही की मी—

१६ ऑगस्ट, शनिवार, सकाळ

थांबवायला हवं. वाढवणाऱ्याला थांबवणारं माझ्याकडे आहे. वय्यारी भामा. प्रयोगशाळेतला रस आणला, पाण्यात पातळ केला, लोट्यात घातला. हा तर रानातला पाला आहे, कारखान्यातली पूड नव्हे. रानातलं ते निरुपद्रवी, असं अडाणी लोक म्हणतात आणि मी त्यांना हसते. आज मीही तेच म्हटलं.

सोमलीला उठवत नव्हतं. मी तिला धरून माचीपर्यंत नेलं. माझ्या खांद्याला लागणारी पोर, आज तिचा खांदा माझ्या कपाळाला लागला. वजन वाळल्या कडब्याइतकं. सगळ्या मुली बाजूला सरल्या. कुणी चिडवलं नाही. तिने पाणी घातलं.

दुपार

थांबली. वाढ थांबली.

सोमली पण थांबली. खोलीत माझ्या जमिनीवर उभी आहे, बस म्हटलं तर बसत नाही. डोळे मिटलेले, दातखीळ बसलेली, अंग गार. श्वास आहे. झोपलेल्या बीसारखा, आहे की नाही असा.

बायका म्हणतात देवी आली अंगात. कुंकू लावून गेल्या. पाया पडून गेल्या.

मी पायच पाहिले. पायाची बोटं काळी पडली आहेत. नखापासून वर. घोंगडीखाली हात घालून मातीत बोट खुपसलं, एक मूळ काढलं — टोक काळं.

काय करून बसले मी! बरं करायला गेले आणि दुसरं विष पाजलं. हातात दोनच बाटल्या, म्हणून दोनच उत्तरं सुचली.

दुपारनंतर

साधं पाणी. फक्त साधं पाणी. सोमलीला उचलून माचीपाशी नेलं आणि लोट्यामागून लोटा, तिच्या हातात लोटा देऊन, तिचा हात माझ्या हाताने धरून. सगळा रस धुऊन निघायला हवा. टोपलीखालून काळपट पाणी गळत राहिलं, मग पिवळं, मग स्वच्छ.

तिने डोळे उघडले. म्हणाली, बाई, भूक. मी नाचले असते. भूक म्हणजे चांगलं. शिदोरी संपलेल्या रोपाला आता ऊन हवं, तेवढंच हवं, ऊन मिळालं की ते स्वतःचं स्वतः खातं. उद्या घोंगडी निघते. उद्या ऊन. टोपलीला आणि तिलाही. फक्त उद्या तिची टोपली उपटू द्यायची नाही. सगळ्यांच्या उपटून भाऊ पागोट्यात खोचतात आणि उरलेलं तळ्यात सोडतात, पण तिची तेवढी राहू द्या म्हणायचं. का, ते सांगावं लागेल. सांगेन. सगळं सांगेन.

तिला परत खोलीत आणून उभं केलं, खाट घातली आणि निजवायला गेले. पाय उचलेना. खाली वाकून पाहिलं. बोटांतून — काळी गेली, खालून नवी पांढरी — दोऱ्यासारखी मुळं — माझ्या सारवलेल्या जमिनीत गेलेली आहेत.

ओढून पाहिलं. ती किंचाळली. चौकातली टोपली हलली असं पोरं ओरडत आली.

१७ ऑगस्ट, रविवार

पाहुणे आले. घोंगडी काढली. बाहेर नुसता गलका. इतकी उंच टोपली कुणी पाहिलेली नाही. गोविंदच्या आईने हात जोडले म्हणे.

केलीयाडीला सांगितलं. दार लावून, पाया पडून, सगळं. जीए, हौस, गवताचा रस. सोमलीचे पाय दाखवले.

ती ओरडली नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी तू लोट्यात ओतलंस तेव्हा मी दारात होते. पाहिलं. मुलीच्या टोपलीत बाहेरचं काही जातंय, हे मला कळलं. हिरवं होऊ दे म्हटलं आणि मागे फिरले.

म्हणजे मला पहिला घास भरवताना — तिला माहीत होतं. आम्हा दोघींना माहीत होतं.

तिला म्हटलं, उपटू देऊ नका. ती म्हणाली, उपटल्याशिवाय पाहुणे शब्द देत नाहीत. टोपली तळ्यात गेली की नियम सुटतो, पोर मोकळी होते, खाऊ-पिऊ लागते. नेहमी तसंच होतं. एवढा शब्द होऊन जाऊ दे बेटी, मग तू काय ते सांग.

आणि मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचं होतं. तिने सोमलीच्या तोंडावरून हात फिरवला, पदर नीट केला आणि हसतमुखाने बाहेर गेली.

ढोल. नाईकाच्या नातीची उपटली. टाळ्या. भावाच्या पागोट्यात खोचली. पुढची. त्याच्या पुढची.

सोमली माझ्याकडे पाहते. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर आहे आणि गालाला रंग चढतो आहे. खरंच चढतो आहे. अजून थोडं ऊन मिळालं तर ती जगेल, मला दिसतं आहे, माझं कामच ते आहे—

मी इथून ओरडले तर ऐकू जाईल. खिडकी उघडी आहे. थांबा म्हणायचं. एक शब्द. लिहीत काय बसले आहे मी

हामूचं नाव पुकारलं

लहान पोरं गप्प झाली. हामूने हात घातला असावा. सोमलीच्या डोक्यावरचे केस उभे राहिले, मुठीत धरल्यासारखे, सगळे एकत्र. मान वर गेली. टाचा उचलल्या

माती फुटते आहे पायांभोवती

मी तिचे घोटे धरले आहेत, एका हाताने. दुसऱ्या हाताने हे. का हे — सोड ना ते, ओरड

बाहेर हामू हसतो आहे. म्हणतो, हिचं मूळ फार खोल गेलंय, या रे दोघं-तिघं, सगळे मिळून ओढ